पान एकसष्टवरची ओळ

३ नोव्हेंबर, रविवार

आज खेळाच्या टेबलाशी मी एकूण सात वाक्ये बोलले. गेल्या रविवारी पाच बोलले होते. सातांपैकी चार वाक्ये वहीतून वाचलेली होती. पण वाचलेली वाक्येही बोललेलीच धरावीत, असे मी ठरवले आहे.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरीही शाळेत लागलेली सवय सुटत नाही, म्हणून पूर्वपीठिका लिहिते. ताई दातांच्या लॅबमध्ये काम करते. तिथे कवळ्या तयार होतात. रविवारी लॅब बंद असते आणि मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर चौघे एक खेळ खेळतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात आणि पुढे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसेल तिथे दहा बाजूंचा फासा टाकतात. गोष्ट पुढच्या काळातल्या एका शहरातली आहे. तिथली माणसे आपले डोळे, हात, पाय काढून त्यांच्या जागी यंत्रे बसवून घेतात. अशा यंत्राला मी 'जोडअवयव' हा शब्द योजला आहे. लिफ्टवाला त्याला 'पार्ट' म्हणतो.

सूत्रधार म्हणजे भाऊ, लॅबमधले सर्वांत जुने कारागीर. लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करतो. सिस्टर रुग्णालयात परिचारिका आहेत. चौथी ताई. खेळाचे पुस्तक इंग्रजी, तीनशे पानांचे, मुंगीएवढ्या अक्षरांचे. ते वाचताना सगळ्यांचीच दमछाक होई, म्हणून भाऊंनी जूनमध्ये, ताई अजून सासरी असताना, जुन्या ओळखीने मला त्याचे मराठी करायला सांगितले. चार वह्या भरल्या. तेव्हापासून मूळ पुस्तक माझ्या कपाटात आहे आणि टेबलावर माझ्या वह्या चालतात. मी खेळत नाही. शंका आली की मी पान काढून वाचते. लिफ्टवाल्याने माझे नाव 'पुस्तकबाई' ठेवले आहे. मला ते आवडते, हे त्याला कळू दिलेले नाही.

आता मुद्दा. ताईचे पात्र 'कानस' सहा वर्षे जुने आहे. मधली दोन वर्षे, म्हणजे ताई सासरी होती तेव्हा, ते भाऊंच्या खणात एका पाकिटात होते. कानसच्या अंगात पाच जोडअवयव आहेत: डोळा, कान, पाय, हात आणि कण्यातली तार. प्रत्येक बसवताना माणूसपणाचे काही गुण गेले. सुरुवातीला वीस होते, आता चार उरले आहेत. शून्य झाले की पात्र 'यंत्रवश' होते, म्हणजे ते सूत्रधाराच्या ताब्यात जाते आणि कधीही परत मिळत नाही.

आज ताई म्हणाली, "कानसला सगळं काढून टाकायचंय."

"सगळं?" लिफ्टवाल्याने डोळे विस्फारले. "अगं, एवढी मारामारी करून मिळवलेला हात!"

"सगळं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. "काढल्यावर गेलेले गुण परत येतात का? काय म्हणतं पुस्तक?"

मला पान शोधावेही लागले नाही. वही दुसरी, पान एकसष्ट. मी वाचले: "जोडअवयव काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला एक गुण जातो, फाशावर एक पडल्यास दोन. काढल्याने गेलेले माणूसपण परत येत नाही."

ताईने फक्त मान हलवली, जणू हे तिला आधीपासून ठाऊक होते. माझे वाचन स्पष्ट आणि निर्दोष झाले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ताई पोळ्या लाटताना बोटांवर काहीतरी मोजत होती. मी विचारले नाही. तरी तिनेच सांगितले. "पाच शस्त्रक्रिया, चार गुण. चौथीला शून्य. म्हणजे तीन गोष्टी स्वतःच्या होतील आणि चौथी निघता निघता कानस जाईल. कुठल्या तीन आधी काढू?"

"मग काढूच नकोस," मी म्हणाले. "चार गुणांवर कितीही वर्षे खेळता येते. तसा नियम आहे."

"अशी चार गुणांवर खेळलेली दोन वर्षं पुरेत," ती म्हणाली आणि पोळी उलटली. वास्तविक ती दोन वर्षे कानस पाकिटात होती, खेळली नव्हतीच. मी चूक दाखवली नाही.

आई मागून म्हणाली, "ते फासे टाकून कुणाचं पोट भरलंय? जे झालं ते झालं. आता काही पूर्वीसारखं व्हायचं नाही. निदान घरात तरी लक्ष द्या." आई हे जुलैपासून म्हणते आहे. कशाबद्दल म्हणते, ते दर वेळी वेगळे असते.

ताई अलीकडे फार लवकर उठते. मी उठेपर्यंत बाहेरच्या खोलीतले तिचे अंथरूण गुंडाळून कपाटामागे गेलेले असते. पूर्वी ती आमच्या आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर झोपायची आणि आठपर्यंत उठत नसे. त्या खाटेवर आता माझी पुस्तके विषयवार लावलेली आहेत. ताईने ती कधी हलवायला सांगितली नाहीत, तेव्हा तिची काही अडचण नसावी.

१० नोव्हेंबर, रविवार

आज वाद झाला. मला वादाचा त्रास होतो. माझे तळहात ओले होतात आणि वहीच्या कडा मऊ पडतात.

सिस्टर ताईला म्हणाल्या, "हा काय वेडेपणा? सहा वर्षांचं पात्र तू हाताने मारून टाकणार?"

"मारत नाहीये. बरं करतेय."

"बरं करता करता पेशंट दगावतो त्याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे."

लिफ्टवाला म्हणाला, "माझं ऐक. तार राहू दे, हात राहू दे. बाकी काढ. लिफ्टमध्येसुद्धा आम्ही सगळे पार्ट एकदम बदलत नाही, माणूस अडकतो आत."

"माणूस आतच अडकलाय," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला तिला अर्धी तशी ठेवायची नाही. आणि नियम आहे ना. माझ्या बहिणीने एवढ्या मेहनतीने लिहिलंय. नियमाप्रमाणे जे होईल ते होईल."

मला खरे तर अभिमान वाटायला हवा होता. ज्या वहीवर टेबलाशी बसणारे चौघेही इतका भरवसा ठेवतात, तिच्यात चार महिन्यांत एकही खाडाखोड नाही. पण मी वही मिटून मांडीवर घेतली.

शस्त्रक्रिया पुढच्या रविवारी ठरल्या. निघताना भाऊ दाराशी थांबले. ते नेहमीप्रमाणे चष्म्यावरची प्लास्टरची पूड पुसत होते. म्हणाले, "पान एकसष्ट पुन्हा एकदा बघशील? घाई नाही. मूळ पुस्तक तुझ्याकडेच आहे ना?"

"मी दोनदा ताडून पाहिलंय, भाऊ."

"असेलच. तरी तिसऱ्यांदा बघ."

मला राग आला. शाळेत दहा वर्षे माझी उत्तरपत्रिका नमुना म्हणून वर्गात फिरत असे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ती ओळ पुस्तकात नाही.

मूळ पानावर शस्त्रक्रियेचा नियम आहे, एक गुण आहे, फासा आहे. पुढे पूर्णविराम आणि लगेच शस्त्रवैद्याच्या कौशल्याचा तक्ता. 'काढल्याने गेलेले माणूसपण परत येत नाही' असे कुठेही नाही. परत येते, असेही नाही. मी सूची पाहिली, परिशिष्टे पाहिली, शेवटची शंकासमाधानाची पाने पाहिली. या एका प्रश्नावर तीनशे पानांचे पुस्तक संपूर्ण गप्प आहे.

ती ओळ मी लिहिली आहे. माझ्या अक्षरात, त्याच निळ्या शाईत, कंस नाही, टीप नाही. भाषांतर करताना जिथे अर्थ अडखळत होता तिथे मी कंसात खुलासे दिले आहेत. एकूण एकतीस आहेत, मोजले. हा खुलासा मात्र उघडाच राहिला आहे. आणि दोनदा ताडून पाहताना मला तो दिसला नाही, कारण मला तो खरा वाटत होता.

प्रत्येक पानाच्या तळाशी मी तारीख घालते. पान एकसष्टवर १४ जुलै आहे. आदल्याच दिवशी ताई दोन पिशव्या घेऊन सासरहून कायमची घरी आली होती. घरात गडबड होती, आईचे रडणे चालू होते. माझे लक्ष विचलित झाले असणार. दोष थकव्याचा.

पाच दिवस आहेत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी घरात कोणी नसताना मी ओळीच्या दोन्ही बाजूंना कंस घालून पाहिले. तोच पेन, तीच दौत. कंस ताजे दिसतात. बाकीची शाई जुलैपासून थोडी करडी झाली आहे आणि हे दोन कंस रंगवलेल्या दारासारखे चमकतात. वर पावडर लावली. मग फुंकली. मग वही बंद करून तिच्यावर शब्दकोश ठेवला, जणू वजनाने ते जुने होतील.

हे मी लिहून ठेवते आहे, कारण उद्या मला असे वाटू शकते की मी असे केले नाही.

सांगितले तर काय होईल? भाऊ रागावणार नाहीत. लिफ्टवाला दोन आठवडे चिडवेल. पण त्यानंतर मी कोणतेही पान वाचले की चौघांच्या डोळ्यांत एक क्षण शंका येईल: हे पुस्तकाचे, की हिचे? मी खेळत नाही, मला विनोद येत नाहीत, चहा मी सर्वांत शेवटी घेते. त्या टेबलाशी माझी जागा म्हणजे ती वही आहे. वही खोटी ठरली तर मी तिथे कशासाठी बसायचे?

नाही सांगितले तर कानस जाईल. कागदावरचे एक पात्र. मी स्वतःला तीन वेळा समजावले की ते कागदावरचे आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगणार होते. ताई दुपारीच आली, लॅबमध्ये वीज नव्हती. नखांत कवळीच्या साच्याचे गुलाबी मेण तसेच होते. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून ती कानसच्या कागदावर काही लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"तिला शेवटी काय वाटतं ते. भाऊ म्हणतात, प्रत्येक पार्ट काढल्यावर एक वाक्य बोल." तिने कागद उलटा केला. "वाचू नकोस. रविवारी ऐक."

"ताई, समज, पुस्तकात वेगळं काही असतं—"

"असतं तर तू सांगितलंच असतंस." ती हसली. "लहानपणी मी पत्त्यांत चोरी करायचे आणि तू आईकडे जाऊन नियम सांगायचीस. दर वेळी. फार राग यायचा मला तुझा."

"आणि आता?"

"आता बरं वाटतं. एक तरी माणूस असावं, जे आपल्या बाजूनं म्हणून काही वाकवत नाही."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि परत गेले नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

मागच्या खोलीत तिन्ही भिंतींना फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकावर रुग्णाचा क्रमांक. लिफ्टवाला आल्या आल्या नेहमीचे बोलला, "बसा सगळे, प्रेक्षक हसायला लागलेत." आज कोणी हसले नाही.

पहिला डोळा. फाशावर सहा. तीन गुण उरले. ताईने वाक्य वाचले: "सगळं थोडं धूसर दिसतंय, पण कुणी मला हे दाखवत नाहीये. मीच बघतेय."

दुसरा कान. फाशावर आठ. दोन उरले. "आता मला फक्त खोलीतलंच ऐकू येतं. फोन वाजेल का, म्हणून ऐकत नाही."

सिस्टरांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरल्याचे दाखवले.

तिसरा पाय. फासा टेबलावरून उडून फळीखाली गेला. लिफ्टवाला गुडघ्यांवर वाकला. "सात! आईशप्पथ सात! या बघायला!" सिस्टर खरोखर जाऊन पाहून आल्या. एक उरला. "लंगडतेय," ताई म्हणाली, "पण जाते कुठे ते मला माहीत आहे."

मग तिने हातासाठी फासा उचलला. फाशावर काहीही पडले तरी गुण जाणारच होता. तिने मूठ हलवली नाही, नुसती धरून ठेवली. मला तिच्या नखांतले मेण दिसत होते.

"थांबा," मी म्हणाले.

"घ्या," लिफ्टवाला म्हणाला, "पुस्तक आपणहून बोललं."

"ती ओळ पुस्तकात नाही. माझी आहे."

"कुठली ओळ?" सिस्टरांनी विचारले.

"काढल्याने गेलेलं परत येत नाही, ती. मूळ पुस्तक त्यावर काहीच म्हणत नाही. जुलैमध्ये मी ती लिहिली. चुकून. मंगळवारी मला कळलं, आणि मी... कंस घातले. ताजे कंस. बघा." मी वही टेबलाच्या मधोमध सरकवली. "मला ते उघडच वाटलं होतं."

"उघडच?" ताई म्हणाली. एवढेच. तिने फासा टेबलावर ठेवला, टाकला नाही.

लिफ्टवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो पुस्तकबाई! डोळा, कान, पाय झाल्यावर? पेशंट टेबलावर उघडा पडलाय!"

"तुम्ही गप्प बसा हो," सिस्टर म्हणाल्या. "तिला बोलू द्या."

भाऊंनी वही जवळ ओढली आणि कंसांवरून अंगठा फिरवला. "मला शंका होती," ते म्हणाले. "पुस्तक सगळीकडे दुकानदारासारखं बोलतं. एवढ्याला एवढं. ही एकच ओळ घरच्या माणसासारखी बोलते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वही तुझी आहे." त्यांनी ती परत माझ्यासमोर ठेवली. "बरं. पुस्तक गप्प आहे. आता नियम काय? सांग."

"मी?"

"चार वह्या कुणी लिहिल्या?"

मी पाने उलटली. काही सापडणार नाही हे माहीत असूनही उलटली. मग म्हणाले, "मला माहीत नाही." चार माणसांसमोर हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले.

मग ताई बोलली, माझ्याशी नाही, फळीवरच्या जबड्यांकडे बघत. "भाऊ, वर्षानुवर्षं घट्ट कवळी घातलेला माणूस ती काढतो, तेव्हा काय होतं?"

"हिरडी दबलेली असते. दोन-चार दिवस मोकळी ठेवली की वर येते. म्हणून तर आपण नवीन माप लगेच घेत नाही."

"आणि हाड?"

"हाड झिजलं ते झिजलं."

"प्लास्टर काढल्यावर हातसुद्धा काडीसारखा झालेला असतो," सिस्टर म्हणाल्या. "नातेवाईक घाबरतात. वापरला की भरतो."

मी पेन्सिल काढली होती. केव्हा काढली ते आठवत नाही. "किती भरतो?" मी ताईला विचारले. "साधारण?"

"माणसामाणसावर असतं."

"नियमात माणसामाणसावर असं लिहिता येत नाही."

लिफ्टवाला पहिला हसला, मग सिस्टर, मग भाऊ चष्मा काढून. ताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. जुलैपासून इतके सरळ तिने बघितले नव्हते, किंवा मी बघितले नव्हते.

"मग अर्धं लिही," ती म्हणाली. "अर्धं मला चालेल."

मी लिहिले. शाईची ओळ तशीच ठेवून तिच्यावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. खाली पेन्सिलने: 'जोडअवयव काढल्यावर पात्र त्याच्याशिवाय जितक्या बैठका काढील, तितके गुण (अवयव कितीही काढलेले असोत, बैठकीला एकच) परत येतील, मात्र त्या अवयवापायी गेलेल्या गुणांच्या निम्म्यापर्यंतच. हे पुस्तकात नाही. हे आम्ही पाच जणांनी ठरवले.' आणि तारीख.

"पाच?" लिफ्टवाल्याने मोजले. "अरे हो. पाच."

हात आज काढला नाही. आता घाई नाही. कानस एका गुणावर आहे, लंगडते आहे, पुढच्या रविवारी दोनावर येईल. ताईने फासा थैलीत टाकला. घरी येताना ती माझ्या दोन पावले पुढे चालत होती. कोपऱ्यावर वळता वळता, मागे न पाहता एकदाच म्हणाली, "उघडच, हं?" तिने पुन्हा विचारले नाही.

मी आज किती वाक्ये बोलले, ते मोजलेले नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी खिडकीजवळच्या खाटेवरची पुस्तके हलवली. एकशे चौदा. खिडकीजवळ धूळ फार येते आणि बांधणी खराब होते, म्हणून. काही कपाटावर, काही माझ्या खाटेखाली. विषयवार क्रम मोडला. तो नंतर लावता येईल.

पुस्तके निघाल्यावर गादीवर चौकोनी खड्डे दिसले. शब्दकोशांच्या जागी सर्वांत खोल.

ताई कामावरून आली, पिशवी खांद्यावर तशीच, दारात उभी राहिली. "हे काय?"

"धूळ येते," मी म्हणाले.

"अच्छा."

"खड्डे पडलेत गादीला."

तिने पिशवी खाली ठेवली, खाटेच्या कडेवर बसली आणि तळवा दाबून एक खड्डा पाहिला, जसे ती कामावर मेणाचे माप पाहते. "येईल वर," ती म्हणाली. "दोन-चार दिवस जातील."

"सगळी येईल?" मी विचारले.

पण ती उठून अंथरूण आणायला बाहेरच्या खोलीत गेली होती. तिने ऐकले नसावे.